अंधाराची शुद्ध प्रत

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिला आहे. शृंगाराचा श्याम, हास्याचा शुभ्र, रौद्राचा रक्त आणि भयानकाचा कृष्ण. भयानकाचे अधिदैवतही काल हेच सांगितले आहे. या प्राचीन व्यवस्थेकडे आज कोणी कुतूहलाने पाहील, कोणी दुर्लक्ष करील. परंतु ज्याने चित्रपटगृहात बसून एखादा चांगला भयपट पाहिला असेल, त्याला हे सूत्र शास्त्राधाराशिवायही पटेल. भयपटाचे द्रव्य म्हणजे अंधार. पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंपेक्षा न दिसणारा कोपरा तेथे अधिक काम करीत असतो. तो कोपरा उजळला की रस गेला आणि मागे उरली ती केवळ गोष्ट. आणि भयपटाची गोष्ट तेवढी वेगळी काढली तर बहुधा सामान्यच असते.

हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, जुन्या चित्रपटांना घरच्या पडद्यासाठी ‘हाय डेफिनेशन’ रूप देण्याचा जो उद्योग आपल्याकडे चालला आहे, त्यात नेमका हा कोपरा उजळण्याचे काम मोठ्या उत्साहाने होत आहे. काळे होते ते राखाडी केले जाते, राखाडी होते ते पांढरे केले जाते, आणि वर ‘पुनरुद्धारित प्रत’ अशी चिठ्ठी चिकटवली जाते. आमचे म्हणणे असे की, हा पुनरुद्धार नव्हे. हा पाठभेद आहे, आणि तोही लेखकाच्या नावावर खपवलेला.

उदाहरण म्हणून ‘महल’ घेऊ. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट १९४९ सालचा. दिग्दर्शन कमाल अमरोही यांचे, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, संकलन बिमल रॉय यांचे. भुताचा भास आणि पुनर्जन्माचा संशय यांच्यावर उभारलेल्या आपल्याकडील कित्येक चित्रकथांची वाट या वाड्यातून निघाली. परंतु या चित्रपटाचा खरा कर्ता कोण, असे कोणी विचारले तर आम्ही छायालेखक जोसेफ विर्शिंग यांचे नाव घेऊ. म्युनिकमध्ये जन्मलेला हा जर्मन मनुष्य १९२५ च्या ‘प्रेम संन्यास’पासून हिमांशु रॉय यांच्याबरोबर होता, पुढे तो बॉम्बे टॉकीजचा झाला, महायुद्धात स्थानबद्ध झाला, सुटून परतला आणि ‘पाकीजा’चे चित्रण चालू असतानाच १९६७ साली मुंबईत वारला. जर्मन चित्रकलेतील छायाप्रकाशाचा संस्कार त्याने मुंबईच्या वाड्यांत, जिन्यांत, झुल्यांवर आणि झुंबरांखाली आणून ठेवला. त्याने काढलेल्या छायाचित्रांचा संग्रह कुटुंबाने गोव्यात जतन करून ठेवला आहे, आणि २०१७ साली त्याचे प्रदर्शनही गोव्यातच झाले. ती छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना विर्शिंगचा काळा रंग किती खोल आणि किती मऊ होता हे ठाऊक आहे.

आता याच चित्रपटाच्या घरी पाहावयास मिळणाऱ्या प्रती पाहाव्यात. आमच्या पाहण्यात ज्या आल्या, त्यांतील एकीत काळोख धुरकट राखाडी आहे. दुसरीत तो एवढा गाळला आहे की मधुबालेचा चेहरा मेणाच्या पुतळीसारखा गुळगुळीत दिसतो. तिसरीत चित्राचे डोके आणि पाय कापलेले आहेत. या तिन्ही प्रतींत दोष वेगवेगळे आहेत; मूळ मात्र एकच आहे. जुना चित्रपट हा आजच्या दूरचित्रवाणी-संचाच्या मापाने आणि आजच्या डोळ्याच्या सवयीने पुन्हा बेतावयाचा कपडा आहे, अशी समजूत.

या समजुतीचे यांत्रिक परिणाम काय होतात, ते थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे. कारण या विषयात शब्दांचा धूर फार आहे. कृष्णधवल चित्रफितीवरची प्रतिमा चांदीच्या कणांनी बनलेली असते. ते कण म्हणजे चित्रावर साचलेली धूळ नव्हे. ते कण म्हणजेच चित्र. यंत्राला ‘कण काढून टाक’ असे सांगितले की ते कणांबरोबर त्वचेचा पोत, भिंतीचा ओलावा आणि पडद्याची वीण हेही काढून टाकते. मग चित्र पुसट वाटू लागते, म्हणून कडा कृत्रिम रीतीने धारदार करतात. आणि मग माणसांभोवती पांढरी प्रभावळ दिसू लागते. संतांभोवती ती शोभेल. भुताटकीच्या वाड्यात हिंडणाऱ्या अशोककुमारांभोवती ती हास्यास्पद दिसते.

चौकटीचे तसेच. त्या काळच्या चित्रपटाची चौकट एकास १.३७ या प्रमाणातली. आजच्या संचाची १.७८ च्या प्रमाणातली. पडदा भरावा म्हणून वरखाली कापले तर चित्राच्या उंचीचा जवळजवळ पाव भाग नाहीसा होतो. छत जाते, जिन्याची वरची पायरी जाते, आणि त्या पायरीवर उभे असलेले कोणीतरी जाते! बाजूच्या दोन काळ्या पट्ट्या ज्यांना खुपतात, त्यांनी भिंतीवरची तसबीर चौकटीत बसावी म्हणून आजोबांची पगडी कापली आहे, एवढे लक्षात ठेवावे.

ध्वनीची कथा आम्हा इंदूरकडच्या लोकांना अधिक लागणारी आहे. ‘महल’मधील ज्या गीताने लता मंगेशकर हे नाव देशभर झाले, त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे पात्राचेच नाव छापले होते. ही गाणारी कोण, म्हणून श्रोत्यांनी आकाशवाणीला विचारले तेव्हा खरे नाव पुढे आले. ही कामिनी १९२९ साली इंदुरात जन्मली आणि तिचे घराणे गोव्यातल्या मंगेशीचे. या मासिकाच्या दोन्ही भाषांच्या वाचकांना तिच्यावर हक्क सांगावासा वाटतो तो याचमुळे. त्या गीताच्या आरंभी स्वर दुरून येत येत जवळ यावा म्हणून गायिकेला ध्वनिग्राहकापासून लांब उभे करून हळूहळू चालत पुढे आणले होते, ही हकीकत लताबाईंनी स्वतः सांगितलेली आहे. आता ज्या यंत्राला मंद आवाज म्हणजे केवळ खरखर एवढेच कळते, ते यंत्र त्या दूरच्या स्वराचे काय करील? एकतर तो खरखरीबरोबर कापून टाकील, नाहीतर इतर आवाजांच्या पातळीला आणून बसवील. म्हणजे जे भूत दुरून यावयाचे, ते दारातच उभे! शिवाय सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट काही दूरचित्रवाणी-पद्धतींच्या सोयीसाठी २५ चित्रांनी पळवला, तर वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि स्वर दुरुस्त न केल्यास जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतो. ज्या देशात अर्ध्या श्रुतीवरून मैफलीत वाद होतात, त्या देशात ही चोरी खपून जाते, याचे नवल वाटते.

हे दोष टाळता येत नाहीत काय? येतात, आणि जगात ते टाळले गेले आहेत. तेही ज्या प्रकाराला आपण हलका मानतो त्याच भयपटाच्या बाबतीत. मुर्नाउचा ‘नोस्फेराटू’ हा १९२२ सालचा मूकपट. ‘ड्रॅक्युला’कार स्टोकर यांच्या विधवेने स्वामित्वहक्काचा दावा जिंकला आणि न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. सुदैवाने काही प्रती निसटल्या. परंतु पुढे कित्येक वर्षे जगाने तो नुसत्या कृष्णधवल प्रतींतून पाहिला, आणि त्यामुळे रात्रीचा पिशाच्च भर उन्हात पेटी घेऊन फिरताना दिसे! कारण ती दृश्ये दिवसा घेऊन फितीला निळा रंग देऊन रात्र दाखवली होती. संशोधकांनी जुन्या रंगीत प्रती शोधून, ताडून पाहून तो निळा पुन्हा दिला, तेव्हा त्या चित्रपटाला रात्र परत मिळाली. येथे रंग देणे हाच शुद्ध पाठ होता. आपल्याकडे ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली आणि ‘नया दौर’ २००७ साली रंगवून पुन्हा दाखवले, तेथे रंग देणे हा प्रक्षेप होता. एकच कृती एके ठिकाणी जीर्णोद्धार आणि दुसऱ्या ठिकाणी विटंबना कशी ठरते, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती चित्रफीत देऊ नये.

हॅमर कंपनीच्या १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’ची कथाही मोलाची आहे. ब्रिटिश परीक्षकांनी कापलेली काही दृश्ये जपानी प्रतीत होती. तोकियोच्या संग्रहालयाला १९८४ साली आग लागली, तीतून तिची शेवटची काही रिळे होरपळून वाचली. त्या होरपळलेल्या रिळांवरून ती दृश्ये घेऊन २०१३ साली घरच्या पडद्यासाठी चकती निघाली. तिच्या निळसर छटेवरून जाणकारांत कडाक्याचा वाद झाला. आम्हाला हेवा वाटतो तो त्या वादाचा. पिशाच्चाच्या झग्याची छटा मूळची कोणती, यावर जेथे लोक भांडतात, तेथे चित्रकलेला वाली आहे. आपल्याकडे अख्खा चेहरा पुसला गेला तरी कोणी चकार शब्द काढीत नाही.

या विषयावर आमचे काही विद्वान मित्र हसतात. ते म्हणतात, ‘संत तुकाराम’सारख्या चित्रांची निगा राखण्यास पैसा पुरत नाही, तेथे भुताखेतांचे लाड कशाला? हा प्रश्न वरवर सात्त्विक वाटतो. पण ज्यांना भुते हलकी वाटतात त्यांनी गोव्यात आमोणे, लोलये येथे जावे. तेथे वेताळ हा ग्रामदैवत म्हणून पूजला जातो. कोकणच्या मुंजाने, हडळीने आणि देवचाराने मराठी-कोंकणी बालपणाला जेवढी कल्पनाशक्ती दिली, तेवढी पाठ्यपुस्तकांनी दिली नसेल. नारायण धारपांच्या भयकथांना वाचक होते आणि आहेत. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट त्यांच्या ऋणातूनच निघाला, आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दीने पाहिला गेला. तेव्हा रसिकांनी निकाल दिलेला आहे. खोळंबा आहे तो आपल्या प्रतिष्ठित अभिरुचीचा. सत्यजित रायांच्या ‘तीन कन्या’ या १९६१ च्या चित्रत्रयीतली एक कथा परदेशी प्रदर्शनात गाळली गेली. कोणती? ‘मणिहारा’ ही भूतकथाच! गाळावयाची वेळ आली की भूतकथेचा क्रमांक पहिला लागतो, ही रीत जुनी आहे.

आपल्याच घरचे पाहू. वसंत जोगळेकर दिग्दर्शित ‘हा खेळ सावल्यांचा’ हा १९७६ चा चित्रपट मराठी भयपटांत अग्रपूजेचा मानकरी. काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे यांच्या भूमिका, सुधीर मोघे यांची गीते, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत. त्याची गाणी आज घरोघर आहेत. चित्राची मात्र तितकी निगा नाही. ज्याच्या नावातच सावली आहे, त्याच्या सावल्यांना कोणी वाली नसावा, यापरते दुर्दैव कोणते? रामसे बंधूंनी १९७२ साली आपल्या महाबळेश्वरी मुक्काम ठोकून ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, आणि पुढे ‘पुराना मंदिर’सारखे चित्रपट गावोगाव चालले. त्यांच्या चित्रांच्या नीटनेटक्या, टिपणांसह चकत्या काढण्याचे पहिले प्रयत्न परदेशी रसिकांसाठी परदेशातील एका छोट्या प्रकाशनाने केले. आपण ज्याला गल्ल्याचा माल म्हणून टाकून दिले, त्याचा अभ्यास दुसऱ्यांनी करावा, ही गोष्ट अभिमानाची नाही.

दुसरा आक्षेप असा की, घरचा पडदा म्हणजे काही चित्रपटगृह नव्हे; तेथे एवढी सूक्ष्मता कशाला? हा आक्षेप बहुधा मुंबई-पुण्याचे लोक घेतात. त्यांना महोत्सव आहेत, चित्रमंडळे आहेत. आग्रा-मुंबई रस्त्यावर, महूच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी वसलेल्या मानपुरासारख्या गावात जुना मराठी चित्रपट चित्रपटगृहात लागेल, अशी आशा कोणी बाळगावी? होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या मराठी माणसाला, मंगळुराकडच्या कोंकणी माणसाला किंवा आखातात नोकरीसाठी गेलेल्या गोवेकराला घरचा पडदा हेच एकमेव चित्रपटगृह आहे. त्याच्या वाट्याला आलेली प्रत हीच त्याच्या दृष्टीने मूळ प्रत. म्हणून घरच्या प्रतीत ढिलाई चालेल असे म्हणणे म्हणजे, मूळ पोथी भांडारात शुद्ध आहे ना, मग छापील आवृत्तीत चुका असल्या तरी हरकत नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

उलट, भयपटाला घरच्या पडद्यावर अधिक सांभाळावे लागते. ब्लू-रे चकतीवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वाहता येते. तारेतून घरी येणाऱ्या चित्रप्रवाहाला बहुधा त्याचा अल्पसा अंशच मिळतो. ही काटकसर पहिल्याने कोठे होते? अंधारात. काळ्याच्या ज्या दहा छटा असतात, त्यांच्या तीन होतात. कोपऱ्यातली सावली चौकोनी ठोकळ्यांची बनते, आणि धुके पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. विनोदी चित्रात हे कोणाला जाणवणार नाही. भयपटात मात्र हाच घाव मर्मावर बसतो.

तिसरा आक्षेप बाजाराचा. लोकांना स्वच्छ, लख्ख चित्र हवे असते; आम्ही ते देतो, असे व्यापारी म्हणतात. आपल्या गावोगावच्या देवळांचे काय झाले, ते याच युक्तिवादाने. काळ्या पाषाणाच्या मंडपांना तैलरंग फासला, गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरशा बसवल्या आणि त्याला जीर्णोद्धार म्हटले. अहिल्याबाई होळकरांच्या मुलखात राहून या शब्दाचा असा वापर ऐकवत नाही. मानपुराचा घाट उतरून नर्मदेकाठी गेले की त्यांची महेश्वर राजधानी लागते. त्यांनी सोमनाथास भग्न देवळाजवळ नवे देऊळ उभारले; पडक्या दगडांना रंग देऊन हेच जुने, असे कोणाला सांगितले नाही. नवे ते नवे म्हणून उभे करावे, जुने ते जुने म्हणून राखावे, एवढा प्रामाणिकपणा व्यापाराला परवडत नसेल, तर निदान त्याने ‘पुनरुद्धार’ हा शब्द तरी वापरू नये.

आपल्याला या कामाची पद्धत परक्यांकडून शिकण्याचीही गरज नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती आपली ओवी घालण्यासाठी नव्हे. दुसऱ्यांनी घातलेल्या काढण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्यांनी हस्तलिखिते जमवली, त्यांच्या परंपरा लावल्या, जो पाठ स्वीकारला तो वर छापला आणि जो नाकारला तो खाली टीपेत दिला. वाचकाला गोड लागेल म्हणून एकही श्लोक बदलला नाही. चित्रपटाच्या पुनरुद्धाराचे शास्त्र अक्षरशः हेच आहे: मूळ निगेटिव्ह, त्यापासून केलेल्या प्रती, परदेशी गेलेल्या प्रती, परीक्षकांनी कापलेले तुकडे, हे सारे ताडून पाहावयाचे; फाटके सांधावयाचे; ओरखडे भरावयाचे; आणि हात कोठे लावला ते लिहून ठेवावयाचे.

वेळ मात्र थोडा आहे. जुनी नायट्रेट फीत पेट घेते, नंतरची ॲसिटेट फीत आंबट वास सोडीत कुजते, रंगीत फितीचा रंग उडतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. त्यात प्रभातची रिळे होती. पी. के. नायर यांनी १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आयुष्य वेचून जे गोळा केले, त्याच्या मानाने जे हातचे गेले ते कितीतरी अधिक. ते संग्रहालय २०२२ मध्ये चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, आणि त्याच वर्षी सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुद्धाराची घोषणा झाली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘कुम्माट्टी’, ‘मंथन’ यांसारखी चित्रे जगापुढे ठेवून, हे काम भारतीय हातांनी होऊ शकते हे दाखवले आहे. म्हणजे विद्या आहे. आता प्रश्न सचोटीचा.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. घरच्या पडद्यासाठी निघणाऱ्या प्रत्येक जुन्या चित्रपटावर, ही प्रत निगेटिव्हवरून घेतली, प्रदर्शनाच्या प्रतीवरून घेतली की जुन्या व्हिडिओफितीवरून घेतली, हे छापलेले असावे. चौकट मूळची असावी. उजळणे, गाळणे, रंगवणे यांपैकी जे केले असेल ते सांगितलेले असावे. आणि न सुधारलेली प्रतही जशीच्या तशी जतन व्हावी, म्हणजे आपली चूक उद्याच्या जाणत्यांना दुरुस्त करता येईल. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाला राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत द्यावी लागते. चित्रपटांसाठी असाच सर्वसाधारण कायदा व्हावा. ज्या चित्रांची साठ वर्षांची स्वामित्वमुदत संपली, त्यांना कोणी धनी नाही म्हणून कोणीही ओरबाडावे, ही स्थिती थांबावी. ‘महल’ची मुदत २००९ च्या अखेरीस संपली, याचा अर्थ तो आता कोणाचाच नाही असा नव्हे, तो आता सर्वांचा आहे. अमेरिकेत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८ चा भयपट हक्कसूचना छापावयाची राहिल्यामुळे असाच बेवारस झाला, आणि दशकानुदशके भिकार प्रतींतून फिरला. पण २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून त्याचा पुनरुद्धार झाला. जे बेवारस चित्राला तेथे लाभले, ते येथे का लाभू नये?

आणि सुरुवात भयपटापासून करावी. कारण येथे फसवणूक ताबडतोब उघडी पडते. भक्तिपटाची वाईट प्रत पाहूनही भक्त हात जोडतो, विनोदी चित्राच्या वाईट प्रतीवरही हसू येते. पण वाईट प्रतीतला भयपट भिववीत नाही. रात्री दिवा मालवून, घरातले निजल्यावर ‘महल’ लावावा. आणि जिन्याच्या वरच्या अंधाराकडे पाहताना मागे वळून पाहावेसे वाटले नाही, तर दोष कमाल अमरोहींचा नाही, विर्शिंगचा नाही आणि पाहणाऱ्याचाही नाही. ज्याने तो अंधार पुसला, त्याला गाठून जाब विचारावा.